नवशिड क्लब कशामुळे बुडाला

कोल्हापूर सोडताना माझ्या वहीत नऊ प्रश्न होते. आठ साधे: क्लब कुणी काढला, जर्सीचा रंग कोणता, कप कधी मिळाला का, असे. नववा मात्र मामाने फोनवरच उत्तरासकट लिहून घ्यायला लावला होता. "क्लब का बंद पडला? सेक्रेटरीच्या चुकीमुळे." सेक्रेटरी म्हणजे मामा स्वतः.

माझा वसंतमामा यंदा ऐंशी पूर्ण करतोय. मुलांनी विचारलं, काय आणू? तो म्हणाला, काही आणू नका, नवशिडचा इतिहास लिहून छापा. नवशिड स्पोर्ट्स क्लब हा अंधेरीचा फुटबॉल क्लब. मुंबईच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटात खेळायचा, आणि बंद पडून त्याला चाळीसेक वर्षं झाली. मुलांनी काम माझ्यावर ढकललं, कारण आमच्या घराण्यात याद्या करणारी मी एकटी. शिवाय मी कोल्हापूरची. आपल्याकडे पेठेचा फुटबॉल संघ हरला की त्या दिवशी घरात आमटीलाही चव लागत नाही, तेव्हा हे काम मला जमेल असा त्यांचा समज.

सकाळी सातला बसने मुलुंडला हायवेवर उतरवलं. मामाची सोसायटी तिथून रिक्षाने दहा मिनिटं. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून समोर हिरवे डोंगर दिसतात. मुंबईत इतकं हिरवं असेल याची मी तयारी करून आले नव्हते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मामा खुर्चीतच होता.

"इलस गो शैले? बस. घावने (तांदळाची जाळीदार धिरडी) गरम आसत. वही मगे काढ."

मी चटणीची पुडी त्याच्या हातात दिली आणि वही काढलीच. पहिले आठ प्रश्न घावन्यांबरोबर संपले. संघात मामा धरून सहा जण त्याच्या कारखान्याच्या चाळीतले, मूळ कोकणातले. पाच जण वेसाव्याच्या कोळीवाड्यातले, एकाच होडीवरचे. जर्सी निळी. गोलची जाळी घरची, म्हणजे होडीवरची जुनी. तिला असा वास यायचा की समोरच्या संघाचे फॉरवर्ड गोलजवळ रेंगाळत नसत. कप एकही नाही.

नवव्या प्रश्नाला मामाने चहाचा कप खाली ठेवला.

कोळ्यांची होडी खाडीत शिरते ती भरतीला. म्हणून सामन्याची वेळ ठरवताना मामा आधी पाण्याची वेळ काढायचा. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. हे गणित त्याला संघाचा गोलकीपर हिराजी यानेच शिकवलेलं. शेवटचा सामना चतुर्थीचा होता. मामाने लीगच्या ऑफिसात जाऊन साडेचारची वेळ मागून घेतली. साडेचारला मैदानावर चाळीतले सहा जण हजर. कोळीवाड्यातून कुणीच नाही. सात खेळाडू नसतील तर सामना सुरू होत नाही. समोरच्याला पुढे चाल मिळाली. त्या मोसमात नवशिडने दिलेली ती दुसरी, आणि दोनदा झालं की लीगमधून नाव कमी.

"दुसऱ्या दिवशी हिराजी म्हणालो, खाडीत शिराक पाणीच गावला नाय. म्हणजे गणित माझा चुकला. मी पंचांग किती वेळा बघितलंय, शैले! बरोबरच येता. पण पाच जण खोटा कित्याक सांगतीत?"

"मग चल ना माझ्याबरोबर. त्यांनाच विचारू."

"माका नको नेव. त्यांका काय तोंड दाखवू?"

हिराजीच्या त्या भेटीनंतर मामा कोळीवाड्यात गेला नाही आणि त्याने फुटबॉलही सोडला. मी नवव्या उत्तरापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. एका साक्षीदारावर मी किराणा दुकानातसुद्धा विश्वास ठेवत नाही.

पहिला मुक्काम घाटकोपर. तिथे बाळा सावंत राहतात, नवशिडचे राइट आउट. मुलाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात बल्बांच्या खोक्यांमध्ये बसले होते. मला पाहताच वडापाव मागवला, मग आणखी एक, आणि मी नको म्हटल्यावर तो स्वतः खाल्ला.

"वश्याची भाची तू? त्याला सांग, लेका फिटर होतास, फिटरच राहायचं! भटजी व्हायला कुणी सांगितलं? चतुर्थी, पंचमी! क्लब बुडवलास ना!"

"तुम्ही खरंच त्यांना दोष देता?"

"छे गं. चिडवतो." मग आवाज जरा खाली आला. "मस्करी करत होतो यार आम्ही. त्याने मनावर घेतलं. एक जण आला असता तरी सात झालो असतो. हिराजी एकटा आला असता तरी."

तिथून मेट्रो. कोल्हापूरकरांनी एकदा तरी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जावं. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरं खिडकीतून अगदी हातभर अंतरावरून जातात, आणि विमानं इतकी खाली येतात की समोरची आजी दर विमानाला नमस्कार करत होती.

अंधेरीला मी चुकीच्या बाजूने खाली उतरले. पूर्व आणि पश्चिम ही इथे दोन गावं आहेत, हे मी वहीत लिहून ठेवलंय. मैदान पूर्वेला होतं. आता तिथे काचेची ऑफिसं आहेत. गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं.

"कुणाला भेटायचंय मॅडम?"

"इथे एक मैदान होतं."

"ते सुट्टीवर आहे," तो म्हणाला आणि हसला. साताऱ्याचा निघाला. रजिस्टर बाजूला ठेवून त्याने मला पार्किंगच्या मागे नेलं. सावंतकाकांनी सांगितलेली विहीर तिथे होती, वर लोखंडी जाळी. पश्चिमेकडचा गोल या विहिरीपुढे असायचा. हिराजी उभा राहायचा तो इथे. आता तिथे एक पांढरी गाडी उभी होती. मी चार पावलं मोजली, नोंद केली आणि निघाले.

रिक्षावाल्याने मला कोळीवाड्याच्या तोंडाशीच उतरवलं. आत जायचं नाव काढेना. बांबूंवर बोंबील वाळत होते. वास येतो हे मामाने सांगितलं होतं. पायाखाली बर्फाचं पाणी असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. टोपली उतरवणारी एक बाई माझ्या नव्या सँडलकडे बघून म्हणाली, "बाय, ती हातात घे. नायतर कोल्हापूरपर्यंत मांजरं मागं येतील." मी कोल्हापूरची हे तिला कसं कळलं, हे विचारल्यावर म्हणाली, "चपलेशिवाय चालायला एवढा राग कुनाला येतो?"

हिराजीभाऊ किनाऱ्यावर होते. वय ब्याऐंशी, ओढून ठेवलेल्या होडीला निळा रंग देणाऱ्या दोघांवर ओरडत होते. वसंत परबांची भाची म्हटल्यावर ओरडणं थांबलं.

"परब हाय ना?"

"आहेत. ठणठणीत आहेत. गुडघा सोडून."

"येत का नाय मंग?"

मी वही उघडली आणि नववं उत्तर वाचून दाखवलं. 'सेक्रेटरीच्या चुकीमुळे.' हिराजीभाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि होडीच्या कडेला बसले.

"बाय, ते खोड."

"का?"

"पानी टायमावर चढलं होतं. परबाचं गनित कधी चुकलं नाय. आमीच खाडीकडं आलो नाय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "सकाळी जाळ्यात घोल (घोळ मासा; याच्यापेक्षा मोलाची मासळी नाही) आयली. एक आयली तर देवाला नारळ देतात. थव्यानं आयली. वाड्यात आनून काय करनार? बर्फ नाय. होडी सरळ खाली मुंबईच्या बंदराला नेली. पाची जन. मॅच कुनाच्या लक्षात?"

"मग पाणी मिळालं नाही असं का सांगितलंत?"

"लाज वाटली गो. दुसऱ्या दिशी परब उभा राह्यला समोर, डोळे लाल. त्याला सांगू, तुझा क्लब म्हावऱ्यापायी (मासळीपायी) बुडवला? पान्यावर ढकललं. पानी काय भांडायला येतं? वाटलं, नंतर कधी सांगू. तर हा परत आयलाच नाय."

सून चहा घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. "बाबा, येवढी वर्सं?" एवढंच म्हणाली, आणि माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. "लावा."

मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. आधी मामाचं कपाळ दिसलं, मग छत, मग मामा. फोन मी हिराजीभाऊंसमोर धरला. दोघं एकमेकांचे पांढरे केस बघत राहिले. मग हिराजीभाऊंनी सगळं सांगितलं, न थांबता, जसं मला सांगितलं तसंच. "तुझं गनित बरोबर होतं परबा. आमी खोटं बोललो."

पडद्यावर मामा गोठल्यासारखा झाला. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मी फोन हलवला.

"हलव नको गो," मामा म्हणाला. मग एकदम, "घोल? किती?"

"तेरा."

"तेरा!" मामा खुर्चीत ताठ झाला. "हिऱ्या, मेल्या, तेरा घोली! मी होडयेर आसतंय तर मी तरी इलो आसतंय काय मॅचीक?" आणि डोळे पुसत ओरडला, "पण घोलीचा एक डोक्या तरी धाडूचा होतास रे चाळीत! सार केला आसता!"

रंगारी ब्रश टाकून हसत होते. हिराजीभाऊ हसत नव्हते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला आणि बोलत बोलत होडीच्या पलीकडे गेले. मी मागे गेले नाही. सुनेने मला आत बसवून तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. कोल्हापुरी माणसाला तिखटाचं कौतुक सांगू नये, पण मी दोनदा पाणी मागितलं.

फोन परत मिळाला तेव्हा त्याची बॅटरी संपली होती.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरची बस पकडली. मुंबई मला नीट कळली असं म्हणणार नाही. मला एक क्लब कळला, ज्याला कधीच कप मिळाला नाही. एका दुपारी त्या पाच जणांनी फुटबॉल सोडून मासळी निवडली. चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्यानंतरच्या एका खोट्या वाक्यापायी एक माणूस चाळीस वर्षं मैदानाकडे फिरकला नाही, हेही त्याच पानावर लिहायला हवं. जेवढा बाऊ आपण चुकांचा करतो, तेवढं लक्ष त्या झाकायला बोललेल्या शब्दांकडे देत नाही.

इतिहास लिहून झालाय, नववं उत्तर तेवढं राहिलंय. हिराजीभाऊ रोज मामाला फोन करून सांगतात, "माझं नाव घाल, क्लब मी बुडवला." मामा म्हणतो, "बरो बुडवशील! सेक्रेटरी मी. चौकशी करूक मी जावक नाय, चूक माझी." मग दोघंही मला फोन करून एकमेकांची तक्रार करतात. काल सावंतकाकाही मधे पडले. छापखान्यातून विचारणा आली तेव्हा मी सांगितलं, अजून थांबा. नवशिडच्या कमिटीची बैठक चालू आहे.