निंबाखालचे तीन बाक

नऊ मे, सकाळचे पावणेदहा. हजर: डॉक्टर मॅडम, लॅबवाले, आशाताई वनिता, शिपाई नामदेवभाऊ आणि मी, सिस्टर इन्चार्ज. तपासणीला आलेल्या गरोदर बाया तेवीस. त्यांच्यासोबत आलेली घरची माणसं जवळपास तितकीच. निंबाखाली नवे लाकडी बाक तीन.

बाकावर बसलेली गरोदर बाई एकही नाही.

दर महिन्याच्या नऊ तारखेला आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायांची तपासणी असते. पांढरकवड्याच्या आतल्या वस्त्यांवरून बाया सकाळीच निघतात. नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास जातात. बसायला एक लोखंडी बाक होता, तो उन्हात तव्यासारखा तापायचा. म्हणून बाया झाडाखाली जमिनीवर बसत. आठव्या महिन्यात जमिनीवरून उठणं सोपं नसतं. त्यात अंगात रक्त कमी असलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त किती ते हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून कळतं. गरोदरपणी तो अकरा तरी हवा. आमच्याकडे आठ-नऊवाल्या पुष्कळ.

बाकांची मागणी मी दोनदा वर पाठवली. फंड आल्यावर बघू, असं उत्तर आलं. मग फेब्रुवारीत मी वही काढली आणि बाक आपणच करायचे म्हणून यादी केली. यादीशिवाय मला काम सुचत नाही.

पहिली ओळ लाकूड. हायवेवरच्या दुकानात टाइल्स लाकडी पॅलेटवर येतात. माल उतरला की दुकानदार ते जाळायला देतो. मागितल्यावर त्याने अठरा पॅलेट फुकट दिले, वर टेम्पोही दिला.

दुसरी ओळ हत्यारं. नामदेवभाऊंचे वडील सुतार. करवत, रंधा, पटाशी, सगळं त्यांच्या घरी जपून ठेवलेलं होतं. रविवारी आम्ही दोघं आणि वनिता कामाला लागायचो. पॅलेट उकलून फळ्या वेगळ्या करण्यात दोन रविवार गेले. निघालेले खिळे ठोकून सरळ करावेत आणि तेच वापरावेत, असं मी ठरवलं होतं. नामदेवभाऊंनी खिळ्यांचा डबा बाजूला सारला.

"सिस्टर, खिया नोका वापरू. उन्हानं लाकूड आकसते, खिया वर येते अन् लुगडं फाडते."

म्हणून स्क्रू आणले. बाहेर ठेवायच्या लाकडाच्या बाकीच्या गोष्टीही त्यांनीच शिकवल्या. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी थांबत नाही. पायांना गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायचं, म्हणजे वाळवी लागत नाही. बसायच्या फळ्यांना ते चालत नाही, कपड्यांना डाग पडतात. तिथे जवसाचं तेल, दोन हात, मध्ये दोन दिवस वाळू द्यायचं. बाक कोणी उचलून नेऊ नये म्हणून पाय सिमेंटमध्ये पक्के केले. उंची सतरा इंच ठेवली. ते माप मी डॉक्टर मॅडमच्या खुर्चीवरून घेतलं होतं.

एप्रिल संपता संपता यादीतल्या सगळ्या ओळींवर टिक झाली. नामदेवभाऊ बाकावर बसून म्हणाले, रिटायर झाल्यावर दुकान टाकू, तुम्ही हिशेब पाहा. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता नऊ मे. शीतल नावाची मुलगी, पहिलं बाळंतपण, आठवा महिना, हिमोग्लोबिन साडेसात. सोबत सासू-सासरे. सासरे बाकाच्या एका टोकाला, सासू दुसऱ्या, मधे माणूस मावेल एवढी जागा. शीतल त्यांच्या पायाशी जमिनीवर.

मी तिला तीनदा वर बसायला सांगितलं. पहिल्यांदा ती नुसती हसली. दुसऱ्यांदा सासू म्हणाली, "मी कुठी नाही म्हणतो? बसन ते." तिसऱ्यांदा शीतल खाली बघतच हळू आवाजात बोलली.

"मामाजी बसले हायेत ना, सिस्टर."

मामाजी म्हणजे सासरे. आमच्याकडे सासऱ्यासमोर सून बरोबरीने बसत नाही. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. मी याच भागात सून म्हणून आले आणि कितीतरी वर्षं तशीच खाली बसले. बाकाची उंची मी टेपने मोजली. सासऱ्यासमोर ती सुनेला किती वाटते, ते टेपवर नव्हतं आणि माझ्या यादीतही नव्हतं.

वनिता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, म्हाताऱ्यालाच उठवा ना. मी त्यांच्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, सुनेसाठी उन्हातून चालत आलेला, टोपी काढून घाम पुसत होता. त्याला उठा कसं म्हणायचं? नंबर येईलच तिचा आता, असं वनिताला सांगून मी बीपी घ्यायला आत गेले.

पाऊण तासाने शीतलचं नाव पुकारलं. बाकाच्या फळीला धरून ती अर्धी उठली आणि कुशीवर कोसळली.

आम्ही तिला उचलून आत घेतलं. डॉक्टर मॅडमनी बाळाचे ठोके ऐकले. ठोके होते, पण फार जलद. थोडा रक्तस्रावही सुरू झाला होता. मॅडमनी यवतमाळला फोन केला, मी सलाइन लावलं, नामदेवभाऊंनी १०८ बोलावली. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शीतल माझं मनगट धरून होती आणि एकच विचारत होती, बाळ हलत का नाही.

बाहेर तिन्ही बाक रिकामे झाले होते. सासरे उन्हात उभे होते. यवतमाळला न्यायच्या कागदावर मी सही घ्यायला गेले तेव्हा त्यांनी अंगठा उमटवला आणि म्हणाले, "मले म्हणायचं ना, बाई. मी उठलो असतो."

आवाजात राग नव्हता. मी कागद घेऊन आत गेले.

शीतलला यवतमाळला रक्त चढवलं. चौथ्या दिवशी बाळंतपण करावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. आता दोघी घरी आहेत, वनिता दर आठवड्याला जाऊन वजन करते. वजन वाढतं आहे, पण सावकाश.

जूनच्या नऊ तारखेला मी झाडापलीकडे मोठी सतरंजी टाकली आणि फाटकाशीच उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला हात जोडून सांगितलं, काका, बाक पोटुशी बायांसाठी आहेत, तुमची बैठक तिकडे. एकजण कुरकुरला, "म्हंजे आमी काय मालगाडीचे डबे काय, कुठीबी लावा?" पण गेला. मग पोरी बसल्या. आधी अगदी कडेवर, दरवाजाकडे तोंड करून, मग हळूहळू पाठ टेकून.

जे काम एका वाक्याचं होतं, ते टाळून मी तीन महिने लाकूड रंधत होते. बाक हवेच होते. पण ते वाक्य आधी हवं होतं.

मी रोज फाटकाशी नसणार. रजा असते, बदली होते. म्हणून पाटी करायची ठरली. उरलेल्या पॅलेटमधली सगळ्यात सरळ फळी नामदेवभाऊंनी काढली, रंधली, तिला जवसाचं तेल दिलं आणि दोन खांबांवर बसवली. पांढरा रंग आणि ब्रश घेऊन ते माझ्याकडे आले.

"काय लिवू, सिस्टर?"

मी वहीत पाच वाक्यं लिहून पाहिली. पाचही खोडली. ज्यांना उठायला सांगायचं, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. ज्यांना वाचता येतं, त्या सुना ते मोठ्याने वाचणार नाहीत.

नामदेवभाऊंनी ब्रश धुऊन ठेवला. पाटी निंबाखाली कोरीच उभी आहे. यादीतली शेवटची ओळ, पाटी रंगवणे: बाकी.