रंगाच्या कारखान्याची ऑडिटर

माझ्या मावशीला डबा दिसला की तो वाजवून बघायची सवय आहे. बिस्किटांचा असो, साबणाच्या भुकटीचा असो, स्वतःच्या घरचा असो की दुसऱ्याच्या. बोटाच्या पेराने टकटक करणार आणि कान देणार. ऑफिसातली मंडळी पाठीमागे तिला 'टकटकबाई' म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

मावशी ऑडिटर आहे. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब खरे आहेत की नाहीत ते तपासायचे आणि मगच सही करायची, हे तिचं काम. तिच्याकडची सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे शहराबाहेरचा रंगाचा कारखाना. वर्षअखेरीला तिथल्या गोदामात मालाची मोजदाद व्हायची तेव्हा मावशी जातीने हजर. पुढच्या रांगेकडे ती ढुंकूनही बघायची नाही. थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन, शिडी लावून, कोणाच्या ध्यानीमनी नसलेला डबा वाजवायची. भरलेला डबा मठ्ठ वाजतो, रिकामा खणखणतो. "शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं," ती म्हणायची, "पण शीत तळाचं घ्यावं. वरचं पाहुण्यांसाठी असतं."

घरातही तिचाच कायदा. मावशीने लग्न केलं नाही, ती पहिल्यापासून आमच्याकडेच राहते. ज्याच्या हातात पैसे त्याच्या हातात वही नको, म्हणून आई खर्च करायची आणि बाबांनी तो लिहायचा. बाबांचं अक्षर असं की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाही लागत नसे. तरी कायदा तो कायदा. आई चिडायची.

"म्हणजे मी काय चोर आहे का गं?"

"नाही गं ताई. पण कुंपणच शेत खातंय का, हे विचारायची पाळी कोणावर येऊ नये. म्हणून कुंपणं दोन असावीत."

आता आमच्या पुढच्या खोलीची गंमत ऐका. तिथल्या मोठ्या भिंतीला पोपडे आलेले होते. रंगाच्या कारखान्याची ऑडिटर ज्या घरात राहते, त्या घराची भिंत अशी! एकदा कारखान्याच्या मालकांनी आपणहून डबे पाठवले. मावशीने ड्रायव्हरला चहा पाजला आणि टेम्पो दारातूनच परत पाठवला. "आवळा देऊन कोहळा काढायची रीत आहे ती," ती म्हणाली. "आज मी मिंधी झाले, तर उद्या गोदामात कुठल्या तोंडाने डबे वाजवू?"

"मग बाजारातून विकत आणू," आई म्हणाली.

"त्यांचाच रंग आणला तर लोक विचारतील, स्वस्तात मिळाला का? दुसऱ्यांचा आणला तर मालक विचारतील, आमच्यात काय खोट दिसली?"

आईने कपाळावर हात मारला आणि पोपड्यांवर एक कॅलेंडर लावलं. पोपडे वाढले तसं पुढच्या वर्षी मोठं कॅलेंडर आणलं. मी आईच्याच बाजूची होते. माणूस सचोटीचा असतो तेव्हा त्याचं कौतुक जग करतं आणि भिंतीकडे बघत बसतात घरचे, असं माझं स्पष्ट मत होतं.

मग मी प्रेमात पडले. तो फरशांच्या एका मोठ्या दुकानात माल सांभाळायचा. शांत स्वभावाचा, जरा लाजाळू. आम्ही घरी सांगायचं ठरवलं आणि नेमका त्याच सुमाराला तो धावत आला. त्याला चांगली नोकरी लागली होती. गोदामप्रमुखाची. कुठे, तर त्या रंगाच्या कारखान्यात. तो पेढे वाटायच्या आनंदात आणि मी डोक्याला हात लावून बसलेली.

तरीही सांगितलं. आई खूश झाली. मावशीने तर मला घट्ट मिठी मारली, माझे गाल ओढले, आणि मग विचारलं, "कामाला कुठे आहे?"

मी सांगितलं. मावशी सावकाश खाली बसली.

तिच्या ऑफिसात तेव्हा बोललं जात होतं की यंदाचं कारखान्याचं ऑडिट पार पडलं की तिला भागीदार करणार. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या नावाच्या पाटीखाली काम केलं होतं. पाटीवर आपलं नाव कुठे बसेल ती जागासुद्धा तिने मला येताजाता दाखवून ठेवली होती. मोजदाद तोंडावर आली होती.

आईने लगेच तोड काढली. "लग्नाचं सध्या कुणाकडे बोलायचंच नाही. हिची सही होऊ दे, मग सांगू. ताकास तूर लागू द्यायची नाही."

"आम्ही थांबू की," मीही म्हणाले. मनापासून म्हणाले. मला ती पाटी हवी होती, तिच्यासाठी.

मावशीने मान हलवली. "लग्न पुढे ढकलता येईल गं. मला जे कळलं ते कसं पुढे ढकलू? मी त्याच्या गोदामात डबा वाजवणार. तो खणखणला, तर मला आधी तू दिसशील. नाही खणखणला, तर लोक म्हणतील हिला ऐकूच आलं नाही. दोन्हीकडून माझ्या सहीची किंमत शून्य."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या तिने मोठ्या साहेबांना सांगून टाकलं. संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली. कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"म्हणाले, भाचीच आहे ना? पोटची मुलगी थोडीच आहे! कशाला एवढं मनावर घेता?" मावशीने पिशवी खुर्चीवर आपटली. "तोपर्यंत मी जरा घुटमळत होते बाई. हे ऐकलं आणि म्हटलं, माझीच आहे. काम दुसऱ्याला द्या."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. आईने मला आधी गप्प करायचा प्रयत्न केला, मग तीही रडली. मावशी मात्र आम्हा दोघींना रागे भरत चहा टाकायला गेली.

कारखान्याचं काम तिच्या एका सहकाऱ्याकडे गेलं. तो तिच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे मोजदादीला तोही थेट मागच्या रांगेत गेला. आणि तिथे डबे खणखणले! अख्खी रांग रिकामी. आमच्याकडे बातमी आली तेव्हा मला वाटलं, आता त्याची नोकरीही गेली आणि लग्नही. पण माझ्या लाजाळू माणसाने नोकरीवर येताच ते रिकामे डबे वेगळे काढले होते, त्यांच्यावर खडूने फुल्या मारल्या होत्या आणि भरलेल्या मालात ते धरले नव्हते. सहकाऱ्याने सगळं उलटसुलट तपासलं, त्याला घाम फुटेस्तोवर प्रश्न विचारले आणि मगच मान्य केलं.

"मी असते आणि हेच मान्य केलं असतं," मावशी म्हणाली, "तर जन्मभर लोक म्हणाले असते, जावयाला सोडलं. पोराच्या खरेपणावर माझ्यामुळे डाग पडला असता."

भागीदारी त्या वर्षी त्या सहकाऱ्यालाच मिळाली. मावशीला वाईट वाटलं. तिने ते लपवलं नाही. रविवारभर तिने घरातले सगळे डबे रिकामे करून घासले. सोमवारी डबा घेऊन, म्हणजे अर्थात वाजवून, नेहमीसारखी कामाला गेली. आता तिच्याकडे एक साबणाचा कारखाना आहे आणि तिथले लोक तिला टरकून असतात, यात तिला समाधान आहे.

लग्नाच्या आधी एका दुपारी दारात रिक्षा थांबली. तो उतरला आणि रंगाचे डबे पायरीवर मांडू लागला. आई आतल्या आत पुटपुटली, "आता ही परत पाठवणार."

मावशी बाहेर आली. "सूट किती मिळाली?"

"कामगारांना मिळते तेवढी."

"तेवढीच ना?"

"तेवढीच, मावशी. पैसे माझे आहेत."

मावशी गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि एकेका डब्यावर टकटक करत, कान देत, शेवटपर्यंत गेली. मग कंबर सरळ केली.

"भरलेत," ती म्हणाली. "आत आणा, जावईबापू."

आणि ती स्वतःच पुढच्या खोलीत जाऊन स्टुलावर चढली आणि भिंतीवरचं ते मोठं कॅलेंडर उतरवायला लागली.