चौथा बोल्ट

गॅस बंद केला का हे पाहायला मी गल्लीच्या तोंडापासून परत येणारी बाई आहे. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहते आणि चौथ्यांदा ओढायला नवऱ्याला पाठवते. बाबा म्हणतात, "तुले देवानं दोन डोये देल्ले, पण भरवसा द्याले इसरला." मी हसते. पण भीती खरीच असते, हसण्याने ती जात नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या गाडीचं छत गळायला लागलं. सामान बांधायला छताच्या दोन्ही कडांना ज्या लांब रेल असतात, त्यांच्याखालचं रबर फाटलं होतं आणि पाणी नेमकं माझ्या डोक्यावर टपकायचं. दिवाळी झाली तरी ते काम तसंच राहिलं होतं. नवरा म्हणाला, गॅरेजला देऊ. बाबांना ते लागलं. जन्मभर हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर राहिलेला माणूस घरात असताना गॅरेज कशाला?

आई गेल्यापासून बाबा वर्ध्याला आमच्याकडेच असतात. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. बशी फार वाजायला लागली तेव्हा मी गुपचूप त्यांना नुसत्या कपात चहा देऊ लागले, एवढंच.

त्यांनी अंगणात पोतं अंथरून हत्यारांचा थैला उघडला. बांबूची एक कामटी तासून चपटी केली, तिला चिंधी गुंडाळली आणि रेलच्या टोकांची प्लास्टिकची झाकणं तिने उचलली. रंगाला ओरखडा नाही. आतले बोल्ट चांदणीच्या खाचेचे, त्यांना वेगळा पाना लागतो, तो त्यांनी बाजारातून आणला होता. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. काढलेला प्रत्येक बोल्ट त्यांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात भोक पाडून क्रमाने खोचला, म्हणजे ज्याचा तो त्याच्याच जागी परत जातो.

नवीन रबर घालून रेल परत बसवताना मी शेजारी उभी होते. त्यांनी पाना मधोमध धरला होता.

"शेवटाले धराचा नाई," ते म्हणाले. "शेवटाले धरला का जोर जास्त लागते अन् कुठं थांबाचं ते बोटाले समजत नाई."

पाना खाचेत बसेपर्यंत हात थरथरत होता. बसला की थांबत होता. मी हे डोळ्यांनी पाहिलं, तरी त्या हातावर माझा भरवसा बसला नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला बहिणीच्या घरी बारसं होतं. तिच्या लेकीला मुलगी झाली होती. आम्ही दोघी बहिणी ज्यात झोपलो तो सागवानी पाळणा न्यायचा होता. मी म्हटलं, मागच्या सीटवर आडवा टाकू.

"मंग हे रेल काय शोभेले बसोले का मी?" बाबा म्हणाले. पाळणा छतावरच जाणार हे ठरलं.

सकाळी ते आंघोळीला गेले आणि मी स्टूल घेऊन गाडीपाशी गेले. त्यांच्याच कामटीने झाकणं काढली आणि खात्री म्हणून प्रत्येक बोल्टला अर्धा फेरा द्यायचं ठरवलं. पाना शेवटाला धरला, दोन्ही हातांनी. पहिले तीन करकरले. चौथा आवळत गेला, आवळत गेला आणि एकदम मऊ पडला. मग नुसताच फिरत राहिला. आटे गेले होते.

उरलेल्या चार बोल्टना मी हात लावला नाही. झाकणं बसवली, स्टूल उचललं. सात तर आहेत, असं स्वतःला बजावलं. बाबांनी पाळणा वर चढवून दोरीने बांधला आणि रेल हलवून पाहिली. ती हलली नाही. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी चालवायला मीच बसले.

वायगाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, पण माझं लक्ष आरशातून हटत नव्हतं. आमच्या मागे एक मोटरसायकल होती. नवरा, बायको आणि मध्ये दाबून बसवलेलं लहान मूल. पाळणा उडाला तर नेमका त्यांच्यावर जाणार. मी वेग कमी केला, तर तेही हळू झाले. पुढे जा ना बाबांनो, मी मनात हात जोडत होते. तेवढ्यात वर टकटक सुरू झालं.

"थांबव," बाबा म्हणाले.

गाडी बाभळीखाली घेतली. मोटरसायकल निघून गेली. बाबांनी थैल्यातून कामटी काढली, एकेक झाकण उचललं आणि प्रत्येक बोल्टला बोट लावलं. चौथा बोटानेच फिरला. त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

"माह्या हातानं गेला हा," ते म्हणाले. "अंदाज गेला माहा."

पाना त्यांनी फडक्यात गुंडाळला. "घरी गेल्यावर हा थैला जवायाले देऊन टाकजो. आपलं झालं आता."

मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं. कुणाला कधीच कळलं नसतं. मग त्यांनी तो थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला, आणि मला ते पाहवेना.

"बाबा, तो मी कसला. सकाळी, तुमी आंघोळीले गेलते तवा."

"काऊन?"

"भेव वाटलं मले."

"कायचं भेव?"

माझी नजर त्यांच्या हातावर गेली आणि मी ती वळवायच्या आत त्यांनीही खाली हाताकडे पाहिलं. रस्त्यावरून कापसाचा एक ट्रॅक्टर गेला.

"पाना कुठं धरला होता?" त्यांनी विचारलं.

"शेवटाले."

"शेवटाले!" बाबा असे ओरडले की बाभळीवरचे कावळे उडाले. "काल काय सांगतलं होतं मी? कान कुठं ठेवले होते? दोन हातानं कसला असंन! कसला का नाई?"

"कसला."

"बाप्पा! ह्या पोरीले कोणं हात लावाले सांगतलं होतं?"

बडबडतच त्यांनी दोऱ्या सोडल्या. आम्ही पाळणा उतरवून मागच्या सीटवर आडवा टाकला आणि तो सांभाळायला बाबा त्याला खेटून बसले. हिंगणघाट येईपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. लोखंड कसं ओळखायचं, बोट कशाला असतं, आणि मास्तरीण झाली तरी अक्कल कशी येत नाही, सगळं मी ऐकून घेतलं. आरशात आता मागचा रस्ता दिसत नव्हता. त्यात बाबांचा चेहरा होता, रागाने लाल आणि किती तरी महिन्यांनी इतका ताजा. जावयाला देऊन टाकायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. थैला त्यांच्या मांडीवर होता.