आईच्या देखत पॅराशूटची बॅग

विमानातला वरचा कप्पा खटकन बंद झाला की मला आईचा पहिला विमानप्रवास आठवतो. माझ्या पाठीवरच्या बॅगेत कपडेच असतील, असं ती ब्रह्मपुरीपासून समजत होती. पण नागपूरला तपासणीत जवानाने विचारलं आणि मला ‘पॅराशूट’ म्हणावंच लागलं. मी आकाशातून उड्या मारते हे तिला तेव्हा कळलं. मग विमानात ती जवसाच्या चटणीचा डबा मांडीवर घट्ट धरून बसली. हवाईसुंदरी माझी बॅग वर कोंबायला लागली तशी मात्र आई डबा माझ्या हातात देऊन उठली, "दाबू नोका वो बाई, माही पोरगी याच्याच भरोशावर खाली येते." आता मी एकटीच जाते, आणि बॅग ठेवण्याआधी इतरांच्या पेट्या बाजूला सरकवते.