आत्याची चुन्याची घरं

जगातली माणसं आधी घर बांधतात आणि मग त्यात राहायला जातात. माझी मोठी आत्या आधी राहायला जाते आणि घर मागाहून बांधते. आदिलाबादच्या कॉलेजात पहिल्या वर्षी हे मी मैत्रिणींना सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं माझ्या तेलुगूत काही चुकलं असावं. मी पुन्हा सांगितलं. तेलुगू बरोबर होतं; आत्याच तशी आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे माणसांबद्दल कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. आत्याबद्दल लिहिताना माझ्याकडून कमी लिहिलं जाईल अशी भीती वाटते. जास्त लिहिलं जाईल अशी वाटत नाही, कारण ते शक्यच नाही.

जैनथच्या बाजूला, आमच्या गावाबाहेर रस्त्याला लागून एक माळ आहे. सकाळी आत्या पदर खोचून, बुडाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा चुन्याच्या फक्कीनं भरून तिथं जाते आणि जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढायला लागते. बाहेरच्या भिंतीची रेघ दुहेरी, आतल्या भिंतीची एकेरी. दाराच्या जागी रेघ तुटते. खिडकीच्या जागी ती निंबाची डहाळी ठेवते. रेघा झाल्या की ज्यांचं घर व्हायचं आहे त्या कुटुंबाला बोलावणं जातं: चूल, अंथरूण, म्हातारं माणूस, असेल तर बकरी, सगळं घेऊन या आणि दिवसभर राहून दाखवा. चारी बाजूंना कापसाची शेतं, माथ्यावर आभाळ, आणि मधे एक बाई चुन्याच्या स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, तिचा नवरा चुन्याच्या पडवीत दाढी करतो आहे. बसमधले नवखे प्रवासी हे पाहून खिडकीतून माना बाहेर काढतात. आत्या मात्र माळाच्या कडेच्या निंबाखाली बसून सगळं गंभीरपणे बघत असते. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, झोप झाली एवढ्यानं घर कळत नाही असं तिचं म्हणणं. "भांडण झालं पायजे," ती म्हणते. "नवरा रुसून कोठं जाऊन बसते थे समजल्याबिगर मी भिंत घालू देत नाही." एका जोडप्याचं दुपार टळली तरी भांडण होईना, तेव्हा तिनंच नवऱ्याच्या आईला सुनेची भाकरी कशी झाली म्हणून हळूच विचारलं. थोड्याच वेळात नवरा रुसून मागच्या बाजूला जाऊन बसला, आणि त्या घराला मागं ओटा मिळाला. आजही तो गृहस्थ कुठं दिसेनासा झाला की त्या ओट्यावर सापडतो.

या घरांचा कायदा एकच. भिंतीतून जायचं नाही. दारातून आत, दारातून बाहेर, आणि आत जाताना चप्पल काढायची. हा कायदा ती माणसांना लावते तसा कुत्र्यांनाही लावते. भिंतीतून शिरलेल्या कुत्र्याला ती हाकलते तेही दाराच्या दिशेनं. माळाच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाचा पाय रेघेवर पडला तरी निंबाखालून आवाज येतो, "काऊन बापा, भूत हायेस का? दार कोणासाठी ठेवलं?" तिच्या नजरेपुढं घारीनं लाजावं. घरं तपासायला मंडल ऑफिसातून, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून, पहिल्यांदा आलेल्या तरुण इंजिनियरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो हातातला कागद बघत बघत सरळ एका न्हाणीघरात शिरला. आत्यानं डोळ्यांवर पदर घेतला आणि त्याच्याच तेलुगूत सांगितलं की आत बाई आहे. बिचारा लाजून उडी मारून बाहेर आला, आणि त्या उडीत आणखी एक भिंत ओलांडली म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली. दुसऱ्या खेपेला तो आपला आपण दाराशी थांबला आणि खाकरला. तेव्हापासून आमच्याकडे ती पद्धतच पडली. चुन्याच्या दाराला कडी नसते, म्हणून खाकरायचं.

ही खोड तिला अंगणवाडीतून लागली. ती आयुष्यभर अंगणवाडीची टीचर होती, आणि कितीतरी वर्षं त्या अंगणवाडीला इमारतच नव्हती. मग तिनं झाडाखाली चुन्यानं अंगणवाडी आखली: वर्ग, खिचडीची खोली, टीचरची खोली. टीचरच्या खोलीत न विचारता कुणी यायचं नाही, स्वतः सुपरवायझरबाईंनीसुद्धा नाही. पुढं खरी इमारत झाली तेव्हा पोट्टे तिच्यात जायला रडू लागले. गावात आज जे तिशीच्या मागेपुढे आहेत, शेती करणारे, ऑटो चालवणारे, क्लार्क झालेले, खुद्द सरपंच, ते सगळे त्या चुन्याच्या अंगणवाडीतले. गाव तिला चुन्यावाली टीचर म्हणतं, आणि हे तिला पदवी मिळाल्यासारखं वाटतं.

घरांचं वेड तिनं का घेतलं, तेही सांगायला हवं. पूर्वी आमच्या वस्तीला सरकारनं प्लॉट दिले होते, पट्ट्यासकट, म्हणजे मालकीच्या कागदासकट. मग लग्नं आली, दवाखाने आले, रस्ता रुंद झाला तशी गिऱ्हाइकं आली, आणि एकेक करून प्लॉट विकले गेले. ज्यांनी विकले तीच माणसं पुढं त्याच जागांवर उभ्या राहिलेल्या खोल्यांत भाड्यानं राहू लागली. आत्यानं कुणाला दोष दिला नाही. तिनं या माळावरचं, रस्त्याकडचं आपलं शेत काढलं, वस्तीतल्या माणसांची एक जागा समिती रजिस्टर केली आणि शेत समितीच्या नावावर करून टाकलं. जमीन समितीची, तिच्यावरचं घर तुमचं. राहा, पोरांना द्या, नातवांना द्या. सोडून जायचं झालं तर घर समितीलाच परत द्यायचं, बेताच्या भावात, म्हणजे पुढच्या बिनघरवाल्याला ते घेता येईल. जमिनीचा पट्टा एकाच्या हाती नाही, तेव्हा अडचणीतही ती कुणाला विकता येत नाही. तहसीलमधल्या बाबूला हे पटेना. बाई, मग तुमच्या वारसांना काय उरलं, असं त्यानं विचारलं.

"शेजारी उरले ना," आत्या म्हणाली.

पहिली घरं उभी राहिली. पुढच्या घरांसाठी लागून असलेली ग्रामपंचायतीची पडीक जागा हवी होती. आत्याची मागणी साधी होती. जागा पंचायतीचीच राहू द्या, पण लांबच्या मुदतीनं समितीला द्या. नळ आणि रस्ता पंचायतीनं करावा, बांधकाम सरकारी घरकुलातून व्हावं, आणि घर कुणाला द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवावं. त्या पुढच्या घरांत एक आमचं होतं. आम्ही कापसाच्या जिनिंग मिलच्या मागं एका खोलीत भाड्यानं राहत होतो आणि मालकाला ती खोली सरकी ठेवायला हवी होती. बाबा मार्केट यार्डात हमाली करतात. घर झालं नाही तर यवतमाळच्या बाजूला मामाकडे जायचं हे ठरलंच होतं, आणि तिथं माझं कॉलेज संपणार होतं. आत्या माझी सख्खी आत्या, पण तिनं बाबांना इतरांसारखंच रांगेत ठेवलं होतं. शिवाय घरं ठरेपर्यंत तिनं आमच्याकडे येणंही बंद केलं होतं, चहा पिता पिता मन फिरेल म्हणून.

त्याच जागेवर शहरातल्या एका कापूस व्यापाऱ्याचा डोळा होता. त्याला गोदाम बांधायचं होतं आणि पंचायतीला भाडं चांगलं मिळणार होतं. सरपंच वाईट माणूस नाही. तो दोघांनाही हो म्हणत होता, एवढंच. ठराव ग्रामसभेत व्हायचा होता. आत्यानं एकच हट्ट धरला, सभा त्या जागेवर घ्या. सरपंचाला त्यात काही गैर दिसलं नाही.

सभेच्या सकाळी आम्ही जाऊन पाहतो तर सगळ्या जागेवर चुन्याची वस्ती. घरं, घरांमधली बोळ, बोळीच्या टोकाला नळ. आत्यानं एकटीनं आखली होती. तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात जाऊन बसलं. आईनं चूल मांडली. बाबांना कुठं बसावं कळेना, ते पडवीत पाहुण्यासारखे अवघडून बसले. मला आत्यानं एक कोपरा दाखवला, तिथं खिडकीची डहाळी होती. "हे तुह्या अभ्यासाचं," ती म्हणाली. मला तोवर खोलीतला कोपरा कधी मिळाला नव्हता. मी पुस्तक उघडलं, पण एक ओळ वाचता आली नाही.

सरपंच, पंचायतीचा सेक्रेटरी आणि व्यापारी मोटारीतून उतरले आणि बोलत बोलत आमच्या दिशेनं आले. सभेच्या खुर्च्या आमच्या घराच्या पलीकडे मांडल्या होत्या. व्यापारी पुढं होता. तो बुटांसकट आमच्या भिंतीतून आत आला, आईच्या चुलीपाशी उभा राहिला आणि हात पसरून गोदामाचं शटर कुठं येईल ते सांगू लागला. आई भाकरी तव्यावर तशीच टाकून पदर सावरत उठली. मी निंबाकडे पाहिलं. जिनं कधी कुत्र्याला सोडलं नाही ती आत्या तोंड मिटून बसली होती, आणि व्यापाऱ्याकडे बघतच नव्हती. ती सरपंचाकडे बघत होती.

सरपंच सेक्रेटरीशी बोलण्यात गुंतला होता. बोलता बोलता, काही विचार न करता, त्याचे पाय रेघेपाशी थांबले, वळले, भिंतीला वळसा घालून दाराशी आले, आणि त्यानं चपला काढल्या. मग त्याला कळलं आपण काय केलं ते. पांढऱ्या शर्टातला एवढा मोठा माणूस तसाच अनवाणी दारात उभा राहिला. त्यानं निंबाकडे पाहिलं आणि त्याची मान टीचरसमोर जाते तशी खाली गेली. आई चाचरत म्हणाली, "या भाऊ." तो आत आला नाही. तो दारातूनच व्यापाऱ्याला म्हणाला,

"सेठ, पहले बाहर आओ. किसी का घर है. दरवाज़ा इधर है."

व्यापाऱ्यानं पायाखाली पाहिलं. त्याला चुना दिसला असावा. आम्हा बाकीच्यांना भिंत दिसत होती, आणि तो तिच्या आत उभा होता. तो काही तरी पुटपुटला, पण निघाला तो दारातून.

नंतर रीतसर सभा झाली, हात वर झाले, सेक्रेटरीनं ठराव लिहून घेतला. गोदामाला जागा दुसरीकडे मिळाली. मला मात्र अजून वाटतं की ठराव झाला तो त्या चपला निघाल्या तेव्हाच. संध्याकाळी मी आत्याला विचारलं, तो थांबेल हे तुला ठाऊक होतं का?

"मले काय ठाऊक," ती म्हणाली. "मी तर भेऊन राह्यली होती. लहानपणी सगळ्यात जास्त भिंतीतून पळे थो."

आता आमच्या घराला विटांच्या भिंती आहेत. खिडकी डहाळी होती तिथंच आहे आणि तिच्याशी बसून मी हे लिहिते आहे. आत्या अजून आपल्या जुन्या पत्र्याच्या खोलीतच राहते. आमच्याकडे जेवायला येते, खाकरून, दार उघडं असलं तरी.

या दसऱ्याच्या सुट्टीत मी बसमधून उतरले तेव्हा ती माळाच्या उरलेल्या तुकड्यावर रेघा ओढत होती. मी पिशवी खांद्याला लावून, मोबाईलवर बोलत तशीच तिच्याकडे निघाले, आणि एकदम लक्षात आलं की मी चपलांसकट एका स्वयंपाकघराच्या मधोमध उभी आहे. भिंतीतून आले होते. मी फोन बंद केला आणि आवाजाची वाट बघत जागीच थांबले. आत्याचं तोंड माझ्याकडेच होतं, ती फार लांबही नव्हती. आवाज आला नाही. ती डबा हलवत राहिली. तेव्हा मी रेघांकडे नीट पाहिलं. त्या पूर्वीसारख्या सरळ नव्हत्या. आतली एक भिंत दोनदा ओढलेली होती, वीतभर अंतरानं, जणू पहिली तिला सापडलीच नव्हती.

मी पाय न वाजवता मागे फिरले, भिंतीबाहेर गेले, वळसा घालून दाराशी आले. चपला काढल्या आणि खाकरले.

"ये वो माय," तिचा चेहरा खुलला, दाराच्या दिशेनं. "पहा, शहरात राहून बी दारातून येते माही पोरगी."

मी हो म्हटलं. थोड्या वेळानं ती पाणी प्यायला निंबाखाली गेली, तेव्हा त्या दोन भिंतींतली एक मी पायानं पुसून टाकली. त्यासाठीसुद्धा दारातूनच आत गेले.