पाय काढला की थांबते ती थरथर

आमचा गोम्बोदादा जुन्या गाडीचं दुखणं पायांनी ओळखायचा. आमच्या गावात आणखी तीन मेकॅनिक होते, पण गाडी वेग घेताना थरथरायला लागली की लोक मुकाट्याने त्याच्याच दारात यायचे. तो बूट काढून पातळ मोज्यांनिशी गाडीत बसायचा, गावाबाहेरच्या माळावर वेग वाढवायचा आणि एकदम ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा.

"थांबली ना थरथर? मग चाकाला कशाला शिव्या घालतोस? चाक बिघडलं असतं तर उतारावरही नाचलं असतं. ही जोर लावला की कण्हतेय. शाफ्ट आहे हा, बाबा."

इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, कोरडा पडून झिजला की असं होतं. गिऱ्हाइकाला पटलं नाही तर दादा त्यालाच गाडीखाली झोपवायचा आणि सांधा हाताने हलवून बघायला लावायचा. बाहेर येईस्तोवर त्या माणसाची मस्ती उतरलेली असायची.

मी त्याची धाकटी बहीण, दुलमा. शाळेत गणित शिकवते आणि बोलते फार. घरात मला सगळे टकळीच म्हणतात.

मागच्या मे महिन्यात, बकऱ्यांची लोकर विंचरायच्या दिवसांत, धाकट्या भावाचा, बाझरचा, सकाळीच फोन आला. आई त्याच्या मेंढ्यांच्या तळावर, तंबूत होती, आमच्यापासून दोनशे किलोमीटर लांब.

"आईनं खाणं सोडलंय. सारखं दादाला विचारतेय. आजच निघा, ताई."

दादा त्या वर्षी नव्या वर्षाच्या सणालाही आईकडे गेला नव्हता. काम आहे म्हणाला होता. आईने सणाच्या पानातलं त्याच्या वाटचं मेंढीचं चरबीदार शेपूट कितीतरी दिवस राखून ठेवलं होतं. फोन ऐकला आणि तो चहा अर्धा टाकून उठला.

आमची व्हॅन चारही चाकांना जोर मिळणारी, पण माझ्या लेकीहून वयाने मोठी. निघताना दादाच्या बायकोने, बदामवहिनीने, रीतीप्रमाणे चाकांवर आणि आमच्या मागे दूध शिंपडलं. दूध शिंपडल्यावर वाटेत बिघाडाचं नाव काढायचं नाही आणि कधी पोचणार हेही विचारायचं नाही. जे ओठांवर येतं ते चाकाखाली येतं, असं आमच्यात मानतात. दादा तर याबाबतीत फार कडक. "टायर फुटणार नाही ना?" असं म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्याने विहिरीपाशी उतरवून ठेवलं होतं.

मी मागच्या बाकावर बसले. दादा पुढे, बुडाखाली मेंढीचं दुपदरी कातडं आणि पायांत दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचे बूट.

"मे महिन्यात हे बूट?" मी म्हटलं. "म्हातारा झालास की काय?"

"तू तुझी टकळी चालव. गाडी मी चालवतो."

खिंडीचा चढ लागला आणि माझ्या पायांखालचा पत्रा गुणगुणायला लागला. दादाने जोर दिला की वाढायचं, पाय काढला की थांबायचं. मी त्याचीच बहीण, मला का कळणार नाही? माथ्यावरच्या दगडांच्या देवाला त्याने रीतीप्रमाणे तीनदा हॉर्न दिला. मी तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, ज्याने अख्ख्या तालुक्याच्या गाड्या पायांनी तपासल्या, त्याला हे जाणवत नसेल? जाणवतंय, पण दूध शिंपडलंय म्हणून गप्प आहे. आपण कशाला अपशकुन करा! मी तोंड मिटलं. आयुष्यात एवढं बोलले आणि नेमकी तिथे गप्प बसले. याचा पश्चात्ताप मला जन्मभर पुरेल.

खिंडीपलीकडे चाळीस किलोमीटरवर क्रॉस तुटला. सुटलेला शाफ्ट खाली आपटत राहिला आणि त्याने गिअरबॉक्स फोडला. ऑइल वाळूत वाहून गेलं. दादा गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत क्रॉसचा तुकडा होता, गंजून लाल झालेला.

"हा काही एकाएकी तुटलेला नाही. चढावर थरथर झाली असणार. तुला जाणवली?"

"हो."

"कुठपासून?"

"खिंडीपासून."

"मग बोलली का नाहीस, दुलमा?"

"मला वाटलं, तुला कळलंय. दूध शिंपडलं होतं ना, दादा."

तो वाळूत बसला आणि त्याने बूट ओढून काढले. बोटं काळीनिळी पडलेली. "दोन हिवाळ्यांमागे बर्फावर पडून गाडी दुरुस्त केली, तेव्हापासून या पायांना काही कळत नाही. आई बघेल म्हणून सणाला गेलो नाही. तिनं पहिल्यांदा माझे पायच बघितले असते."

"आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या?"

"त्यांनाच शेजारी बसवतो. विचारून घेतो."

मागचा शाफ्ट सोडवायचा आणि गाडी पुढच्या चाकांवर न्यायची, हे काम त्याने कितीतरी लोकांसाठी केलं होतं. खिंडीतच थांबलो असतो तर तासाभरात पुढे निघालो असतो.

ऊन कलल्यावर एक मेंढपाळ मोटारसायकलवर आला. त्याच्या मागे दोघं दाटीवाटीने बसून सूर्य मावळता मावळता आम्ही तळावर पोचलो. बाझर तंबूच्या दारात उभा होता. तो काही बोलायच्या आधीच आम्हाला कळलं.

"दुपारी गेली," तो म्हणाला. "दोनदा मला बाहेर पाठवलं, दादा. म्हणाली, गाडी ऐकू येते का बघ."

दादा आत जाऊन आईच्या पायथ्याशी बसला. बूट काढले आणि ते उघडे पाय तिच्या दिशेने ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मीठ घातलेला दुधाचा चहा बाझरच्या बायकोने पुढे ठेवला, तो निवून गेला. मी त्याच्या शेजारी बसले होते.