शून्य फॅटचं दूध

"मावशी, मशीन खोटं बोलत न्हाई," असं दूध सोसायटीतला गहिनीनाथ भरल्या रांगेत बोलून गेला, आणि भिवराबाई दुधात पाणी घालते हे गावाला पटलं. पडद्यावर फॅट शून्य, तेही सलग तिसऱ्या दिवशी. शून्य फॅट म्हणजे नुसतं पाणी. कॅनमध्ये पांढरंफेक दूध दिसत होतं, पण लोकांनी पडद्याकडंच पाहिलं.

दुष्काळाचं साल होतं. सोसायटी सभासदांना जनावरांसाठी चारा द्यायची, आणि भेसळ करणाऱ्याचं नाव चाऱ्याच्या यादीतून उडायचं. भिवराबाईचं उडालं. तिच्याकडं एकच म्हैस होती.

गहिनीनाथ वडवणीकडचा, ऊसतोड्याचा पोरगा, डिप्लोमा करून आलेला. दूध तपासायच्या यंत्राचा निरोप कॉम्प्युटरला पोचवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यानंच लिहिलेला. त्यामुळं छाती जरा फुगलेलीच. चौथ्या दिवशी त्याला शंका आली, की हे शून्य रांगेच्या शेपटालाच कसं येतं? पुढाऱ्यांचे कॅन आधी लागायचे, भिवराबाई सगळ्यांच्या मागं. तोवर यंत्र तापून गप्प झालेलं असायचं. त्यानं कोड उघडला. यंत्रानं उत्तर दिलं नाही, तरी त्याचा कोड तसं कळवतच नव्हता. वर शून्य लिहून मोकळा व्हायचा आणि यंत्राशी जोडणारा पोर्ट एकदा धरला की सोडायचाही नाही, म्हणून पुन्हा कितीदा तपासा, शून्यच. चूक गिळण्यात भल्याभल्या साहेबांना मागं टाकील असं काम!

दोन दिवस खपून त्यानं ते निस्तरलं. ऊसतोडीवरची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, मोडताना शेवटी बांधलेलं आधी सोडतात. तसंच जे जे धरलं ते उलट्या क्रमानं सोडायचं, आणि शून्याऐवजी सरळ 'पुन्हा तपासा' म्हणायचं.

चेअरमन सुंदररावांनी ऐकून घेतलं. "दुरुस्त झालं ना? मग बोंबलतो कावून बे? मशीन चुकलं म्हणलं, तर समदे मागचं उकरत बसतील."

"पन भिवरामावशीचं नाव..."

"पुढच्या मिटिंगला बघू."

मिटिंगला महिना लागला. नाव यादीत परत आलं, तेव्हा म्हैस बाजारात जाऊन आठ दिवस झाले होते.

गहिनीनाथ तिच्या दारात गेला. "माझंच चुकलं, मावशी."

रिकामी दावण झाडता झाडता ती म्हणाली, "इथं कुनाला सांगतूस? रांगेत बोललास न्हवं? रांगेतच शब्द फिरव."

"उद्या म्हनतो."

दुसऱ्या दिवशी रांग भरली. पहिला कॅन सुंदररावांचा. गहिनीनाथनं त्यांची फॅट मोठ्यानं वाचली, मग पुढच्याची, मग त्याच्या पुढच्याची. बाकी काही बोलला नाही.